सहा मिनिटं

काचेच्या नळकांड्यात पंचवीस अंश पाणी.
उंदीर सोडायचा, घड्याळ दाबायचं.
पहिली दोन मिनिटं हिशेबात नाहीत,
तेव्हा सगळेच पोहतात.
पुढची चार मोजायची:
हातपाय कधी थांबले,
किती सेकंद नुसताच तरंगला,
नाक तेवढं पाण्यावर.

खेडच्या कॉलेजात हे माझं काम.
रातांब्याच्या सालीचा अर्क काही उंदरांना,
काहींना पळायला चाक,
काहींना अर्क आणि चाक दोन्ही,
आणि चौथ्या पिंजऱ्याला काही नाही.
चौथ्या पिंजऱ्याशिवाय विज्ञान होत नाही.

संध्याकाळच्या एसटीनं हर्णैला उतरते.
बाबा ओटीवर,
सकाळी जिथे सोडले तिथेच,
नाक तेवढं पाण्यावर.

बावीस वर्षं तांडेल.
वारा हुंगून सांगायचे, उद्या बांगडा कुठे लागेल.
नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या उतरल्या,
आमची झावळांखालीच राहिली.
कोणी गेलं नव्हतं. कोणाचं देणं नव्हतं.
गावानं कारण विचारलं,
आईनं शोधलं, घागरीत, देव्हाऱ्यात, माझ्या लग्नाच्या गोष्टीत,
शेवटी म्हणाली,
मीठ उतरलंय त्यांच्यातलं.

दापोलीच्या डॉक्टर मुकादमबाईंनी
आधी अर्धी गोळी दिली, मग पूर्ण.
आणि चालवा त्यांना, म्हणाल्या,
बंद पडलेल्या इंजिनाबद्दल बोलावं तसं.
मी रातांब्याचं विचारलं.
त्या हसल्या: उंदरांचं उंदरांपाशी.
पण आगळ पिऊन कोणाचं वाईट झालंय?
द्या.
गोळी मात्र तुमच्या मनानं बंद करायची नाही.

मग एप्रिल.
आईनं पाटीभर रातांबे त्यांच्यापुढे ओतले
आणि काहीएक न बोलता आत गेली.
दोन दिवस माशा बसल्या.
तिसऱ्या दिवशी एक फळ फुटलं,
मग दुसरं,
दुपारी पाहिलं तर मनगटापर्यंत लाल,
सुरमई कापल्यावर असायचे तसे.

पाळंद्याच्या पुळणीवर
पहिल्या दिवशी बोंबलांच्या वलांडीपर्यंत.
दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही.
मी दहा पावलं मागून,
ते थांबले की मनात घड्याळ दाबायची,
चालले की सोडायची.
त्यांना ते कळत होतं.
एकदा वळून म्हणाले, मोज, मोज.

पंधरवडा तसाच गेला.
मग बंदरावर, लिलावाच्या गर्दीत,
गजा पावसेनं पापलेटच्या टोपलीत बर्फ जास्त घातला
आणि माझ्या बापानं
आठ महिन्यांतली पहिली शिवी दिली,
सणसणीत, खोल पाण्यातली.
गजा थिजला. मग म्हणाला, तांडेल, आलात?
मी ओल्या वाळूत उभी, पदरात तोंड खुपसून.

कशानं?
वहीत लिहायचं तर रकाना कुठला?
माझ्याकडे चार बाबा नाहीत,
एकाला नुसतं आगळ द्यायला,
एकाला नुसती पुळण,
आणि एकाला काहीच न देता
ओटीवर ठेवून बघत बसायला.

एका रात्री त्यांना उंदरांचं सांगितलं.
थांबला की आम्ही लिहितो, आशा सोडली.
बाबा सोलं पसरत होते, नखं काळी-तांबडी.
म्हणाले, तुमाला पानी म्हाईत नाय गो.
होडी उलटली तं जो हातपाय मारतो, तो पयला दमतो.
तरंगून ऱ्हायचा.
कोन येईपरत.

होडी अजून झावळांखालीच आहे.
काही सकाळी ते वलांडीपासूनच परततात.

काल चौथ्या पिंजऱ्यातला एक
एकशे नव्वद सेकंद तरंगला.
नियमाप्रमाणे आकडा लिहिला.
मग त्याला काढला, फडक्यात गुंडाळला
आणि पुसत राहिले,
नियमात आहे त्याहून
जरा जास्त वेळ.